पेन्सिलीच्या लीडवर फिनॉल मोजताना: इलेक्ट्रोड बनवणं, जपणं आणि वेळेवर फेकणं

फिनॉल, म्हणजे बेंझिनच्या कड्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडलेलं संयुग, कार्बनच्या इलेक्ट्रोडवर सहज ऑक्सिडाइज होतं आणि त्याच क्षणी तो इलेक्ट्रोड बिघडवायला सुरुवात करतं. ही एक गोष्ट पक्की समजली की पुढची अर्धी कामं आपोआप नीट होतात. फिनॉलच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन निघाला की फिनॉक्सी रॅडिकल तयार होतं. ही रॅडिकल एकमेकांना चिकटतात, साखळ्या होतात आणि इलेक्ट्रोडवर वीज न वाहणारा पातळ थर बसतो. म्हणून फिनॉलसाठी सगळ्यात चांगला इलेक्ट्रोड म्हणजे जो प्रत्येक मापनानंतर बिनदिक्कत फेकून देता येतो तो. असा इलेक्ट्रोड, म्हणजे पेन्सिलीची लीड, स्टेशनरीच्या दुकानात डबीत मिळतो.

ही कृती मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत, साध्या पोटेन्शिओस्टॅटवर, म्हणजे इलेक्ट्रोडला ठरवलेलं व्होल्टेज देऊन प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावर, करता येईल अशी लिहिली आहे. यंत्र ±1.5 व्होल्टपर्यंत जाणारं आणि 0.1 मायक्रोअँपिअरचा फरक दाखवणारं असावं. त्यावर डिफरन्शिअल पल्स व्होल्टॅमेट्री, म्हणजे डीपीव्ही (व्होल्टेज छोट्या पल्स देत पायरीपायरीने वाढवून प्रवाह मोजणं), असेल तर उत्तमच. नुसती सायक्लिक व्होल्टॅमेट्री म्हणजे सीव्ही (व्होल्टेज एकसारखं वर नेऊन परत आणणं) असेल, तर काम होतं पण खालची मर्यादा वर सरकते.

आधी अपेक्षा ठरवा

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500:2012 मध्ये, फिनॉलिक संयुगांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 0.001 मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसेल तर 0.002. ही मर्यादा इतकी कमी असण्याचं मोठं कारण म्हणजे पाण्यात क्लोरिन टाकलं की फिनॉलचे क्लोरोफिनॉल होतात आणि अगदी लेशमात्र असले तरी पाण्याला औषधासारखा वास मारतात. सांडपाणी नदीनाल्यात सोडण्यासाठीची मर्यादा मात्र लिटरला 1 मिलिग्रॅम आहे, सार्वजनिक गटारासाठी 5.

फिनॉलचं रेणुभार 94.11. म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम हे 10.6 मायक्रोमोलर झालं आणि 0.001 मिलिग्रॅम हे 10.6 नॅनोमोलर. साधा पेन्सिल इलेक्ट्रोड मायक्रोमोलरच्या आसपास भरवशाचं मोजतो. औद्योगिक वसाहतीतलं सांडपाणी मर्यादेच्या वर आहे की खाली, हे तो सांगेल. नाथसागरातून किंवा विहिरीतून आलेलं पाणी पिण्यालायक आहे का, हे तो सांगू शकत नाही. त्यासाठी ऊर्ध्वपातन आणि 4-अमिनोअँटिपायरिनची प्रमाणित पद्धत किंवा क्रोमॅटोग्राफीच हवी. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात आलेखावर शिखर, म्हणजे प्रवाहाचा उंचवटा, दिसलं नाही म्हणून "फिनॉल नाही" असं लिहिलेलं असतं, ते चूक आहे. "या पद्धतीच्या शोधमर्यादेखाली" इतकंच लिहिता येतं.

लीड निवडणं आणि बांधणं

पेन्सिलीतल्या शिशात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं. लाकडी पेन्सिलीच्या शिशात त्याबरोबर बरीच चिकणमाती आणि थोडं मेणही असतं. एचबीपेक्षा 2बी मध्ये ग्रॅफाइट जास्त, माती कमी. मेकॅनिकल पेन्सिलीच्या बारीक लीडमध्ये बंधक म्हणून पॉलिमर वापरून भाजलेलं असतं, त्यामुळे पृष्ठभाग एकसारखा मिळतो. आपल्याला हीच हवी: 0.5 मिलिमीटर, एचबी किंवा 2बी. एकदा एक कंपनी आणि एक ग्रेड धरली की पूर्ण प्रकल्प होईपर्यंत बदलू नका, कारण कंपनी बदलली की पार्श्वभूमीचा प्रवाह बदलतो आणि आधीचा कॅलिब्रेशन आलेख, म्हणजे माहीत तीव्रतेच्या द्रावणांवरून काढलेली रेष, कामाचा राहत नाही. शक्यतो एकाच लॉटच्या चार-पाच डब्या एकदम घ्या.

60 मिलिमीटरच्या लीडचे ब्लेडने दोन तुकडे करा. प्रत्येक तुकड्याचे 10-10 मिलिमीटरचे तीन भाग समजा: खालचा भाग द्रावणात, मधला झाकलेला, वरचा जोडणीसाठी. मधल्या भागावर टेफ्लॉन टेप ताणून दोन-तीन वेढे घट्ट गुंडाळा किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्या. नेलपॉलिश पूर्ण वाळायला रात्रभर ठेवा. ओलं असेल तर त्यातला द्रावक बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, उतरतो. मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क मोजायचा असेल तर नेलपॉलिश नकोच, टेफ्लॉनच वापरा.

क्रोकोडाइल क्लिप थेट लीडवर लावली की लीड तुटते. वरच्या 10 मिलिमीटरवर तांब्याची बारीक, सोललेली तार सात-आठ वेढे गुंडाळा आणि क्लिप त्या तारेला लावा. मल्टिमीटरने तार ते लीडचं टोक रोध बघा. काही ओहम यायला हवा. शेकड्यात आला तर जोडणी सैल आहे.

बाजारात 0.5 म्हणून मिळणाऱ्या लीडचा खरा व्यास साधारण 0.56 मिलिमीटर असतो. 10 मिलिमीटर बुडवली तर क्षेत्रफळ 0.178 चौरस सेंटिमीटर होतं. यातला जवळजवळ सगळा भाग बाजूच्या गोल भिंतीचा आहे, टोकाचा नाही. म्हणून 1 मिलिमीटर जास्त बुडली की प्रवाह 10 टक्के वाढतो. लीड हाताने अंदाजे बुडवू नका. टेपची खालची कड बरोबर 10 मिलिमीटरवर आणा आणि ती कड द्रावणात थोडी बुडेल इतकी पातळी ठेवा. मग क्षेत्रफळ टेप ठरवते, पाण्याची पातळी नाही.

संदर्भ आणि प्रति-इलेक्ट्रोड

व्होल्टेज ज्याच्या तुलनेत मोजायचं तो संदर्भ इलेक्ट्रोड म्हणून विकतचा सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड असेल तर तोच वापरा. नसेल तर सराफाकडून चोख चांदीची, निदान 99.9 टक्के शुद्धतेची, 0.5 ते 1 मिलिमीटर जाडीची 8 सेंटिमीटर तार आणा. दागिन्याच्या चांदीत तांबं असतं, ती चालत नाही. तार बारीक पॉलिश पेपरने घासून, धुऊन, घरगुती ब्लीचिंग द्रावणात अर्धा तास बुडवून ठेवा. ती जांभळट करडी होते, तोच सिल्व्हर क्लोराइडचा थर.

3 मोलर पोटॅशियम क्लोराइडसाठी त्याचे 22.4 ग्रॅम पाण्यात विरघळवून एकूण 100 मिलिलिटर करा. यातल्या 10 मिलिलिटरमध्ये 0.3 ग्रॅम अगर, म्हणजे किराणा दुकानातला चायना ग्रास, उकळवून विरघळवा. गरम असतानाच मायक्रोपिपेटच्या टिपच्या टोकात 5 मिलिमीटर ओढून थंड करा. टिपमध्ये वरून 3 मोलर द्रावण भरा, तार सोडा आणि वरचं तोंड मेणाने बंद करा. असे दोन बनवा. दोन्ही 3 मोलर द्रावणात बुडवून मल्टिमीटरवर फरक बघा. 5 मिलिव्होल्टच्या आत हवा. दररोज सकाळी हा एक मिनिटाचा तपास केला तर "आज शिखर 40 मिलिव्होल्ट सरकलं" हा घोळ होत नाही. काम नसताना दोन्ही त्याच द्रावणात बुडवून ठेवा. अगर वाळला की फटी पडतात आणि संदर्भ भरकटतो.

प्रति-इलेक्ट्रोड, म्हणजे विजेचं मंडल पूर्ण करणारा तिसरा इलेक्ट्रोड, म्हणून प्लॅटिनमची तार नसेल तर तीन-चार लीड एकत्र बांधून वापरा. त्यांचं बुडालेलं क्षेत्रफळ कामाच्या लीडपेक्षा जास्त हवं, एवढीच अट.

द्रावणं

0.1 मोलर फॉस्फेट बफर, पीएच 7.0, 500 मिलिलिटरसाठी: निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 4.10 ग्रॅम आणि सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट डायहायड्रेट 3.30 ग्रॅम. बाटलीवरचं लेबल नीट वाचा. डायसोडियम मीठ डोडेकाहायड्रेट असेल तर 4.10 नाही, 10.3 ग्रॅम लागतं. शेवटी पीएच मीटरवर बघून थोडं इकडे-तिकडे करा.

मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यासाठी मात्र हा बफर बऱ्याचदा अडचणीचा ठरतो. काळ्या पाषाणातून येणारं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटबरोबर बसतं, द्रावण दुधाळ होतं, आणि तो बारीक गाळ लीडवर चिकटतो. अशा नमुन्यांना अॅसिटेट बफर घ्या: 500 मिलिलिटरमध्ये सोडियम अॅसिटेट ट्रायहायड्रेट 6.80 ग्रॅम आणि ग्लेशियल अॅसेटिक आम्ल 2.87 मिलिलिटर, म्हणजे एकूण 0.2 मोलर, पीएच 4.7 च्या जवळ. पीएच एकाने उतरला की फिनॉलचं शिखर साधारण 59 मिलिव्होल्ट वर सरकतं. पीएच 7 ला ते 0.6 ते 0.7 व्होल्टच्या आसपास दिसत असेल तर इथे ते 0.8 च्या आसपास शोधा.

पीएच 9-10 ला शिखर अजून खाली येतं म्हणून तिकडे जायचा मोह होतो. जाऊ नका. कॅटेकॉल, हायड्रोक्विनोन, गॅलिक आम्ल ही मंडळी अल्कलीत हवेतल्या ऑक्सिजननेच तपकिरी होतात, मोजण्याआधीच संपतात.

फिनॉलचं 10 मिलिमोलर साठा द्रावण म्हणजे 94.1 मिलिग्रॅम फिनॉल 100 मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात. फिनॉल साधारण 41 अंशांना वितळतं. मे महिन्यात नांदेड-परभणीकडे बाटली बंद खोलीत राहिली तर आतले स्फटिक पाणी झालेले सापडतात. अशी बाटली हलवून उघडू नका, आधी थंड जागी ठेवून गोठू द्या. गुलाबी झालेलं फिनॉल हवेने ऑक्सिडाइज झालेलं असतं, ते प्रमाण द्रावणाला वापरू नका.

वजन करताना हातमोजे, चष्मा, फ्यूम हूड, तिन्ही हवेत. फिनॉल कातडीवर पडलं की जागा पांढरी पडते आणि बधिर होते. दुखत नाही म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि तोवर ते आत शिरतं, म्हणून धोका जास्त. जवळ पॉलिइथिलीन ग्लायकॉल 300 किंवा 400 ठेवा. अंगावर पडलं तर त्याने पुसत राहा, ते नसेल तर भरपूर वाहत्या पाण्याने धुवा, आणि डॉक्टरकडे जाच. साठा गडद बाटलीत, फ्रीजमध्ये, जास्तीत जास्त आठवडाभर. 1 मिलिमोलर द्रावण रोज ताजं.

पाण्याबद्दल एक इशारा: घरगुती आरओचं पाणी चालत नाही. बॅटरीच्या दुकानातलं "डिस्टिल्ड वॉटर" पुष्कळदा नुसतं आयन-विनिमय केलेलं असतं आणि त्यात रेझिनमधून आलेले सेंद्रिय अंश असू शकतात. नुसत्या बफरचा आलेख काढा. 0.2 ते 1.0 व्होल्टमध्ये कुठेही टेकडी दिसली तर पाणी किंवा भांडं बदला.

लीड तयार करणं आणि तपासणं

नवी लीड तेलकट, पाणी न धरणारी असते. बफरमध्ये बुडवून +1.4 व्होल्ट 60 सेकंद द्या. वरचा बंधकाचा पातळ थर जाळला जातो, कार्बनवर ऑक्सिजनचे गट तयार होतात आणि पृष्ठभाग पाणी धरू लागतो. मग −0.2 ते +1.0 व्होल्ट, 100 मिलिव्होल्ट प्रति सेकंद, दहा फेऱ्या. शेवटच्या दोन फेऱ्या एकमेकींवर बसल्या पाहिजेत. 60 ऐवजी 300 सेकंद दिले तर जास्त चांगलं होईल असं नाही. पार्श्वभूमी फुगते आणि छोटं शिखर तिच्यात बुडतं. ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा, टिश्यूने पुसू नका.

प्रत्येक डबीतली एक लीड परीक्षेसाठी ठेवा. 1 मिलिमोलर पोटॅशियम फेरिसायनाइड, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 32.9 मिलिग्रॅम, आणि त्यात 0.1 मोलर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे 0.746 ग्रॅम. 50 मिलिव्होल्ट प्रति सेकंदाने +0.6 ते −0.1 व्होल्ट आणि परत. शिखराची उंची क्षेत्रफळावरून काढणाऱ्या रँडल्स-सेव्हचिक समीकरणाने 0.178 चौरस सेंटिमीटरला शिखरप्रवाह साधारण 30 मायक्रोअँपिअर यायला हवा. दोन शिखरांतलं अंतर आदर्श 59 मिलिव्होल्ट. लीडवर 70 ते 120 आलं तरी समाधान माना. 200 च्या पुढे गेलं तर जोडणी किंवा पूर्वप्रक्रिया तपासा. प्रवाह 30 ऐवजी 40 आला तर बहुतेक द्रावण टेपच्या आत चढलं आहे, केशाकर्षणाने. टेप काढून बघितली की लीड ओली दिसते.

फिनॉल मोजणं

पहिल्या दिवशी एक प्रयोग मुद्दाम करा. 20 मिलिलिटर बफरमध्ये 2 मिलिलिटर 10 मिलिमोलर फिनॉल घाला आणि एकाच लीडवर 0 ते 1.0 व्होल्ट सलग दहा फेऱ्या काढा. पहिल्या फेरीत उंच शिखर येतं. परतीच्या वाटेवर त्याची जोडी नसते, कारण ही क्रिया उलटत नाही. दुसऱ्या फेरीत शिखर घसरतं, तिसरीत अजून, आणि शेवटी जिथे शिखर होतं तिथे जवळजवळ सपाट रेष उरते. द्रावणातलं फिनॉल तेवढंच आहे. लीड मेली आहे. तीच लीड धुऊन फेरिसायनाइडमध्ये घातली तर तिथलीही शिखरं दबलेली आणि लांब गेलेली दिसतात. शेजारी कॅटेकॉलचा हाच प्रयोग लावा: जाताना आणि येताना दोन्ही शिखरं, आणि दहाव्या फेरीतही बऱ्यापैकी टिकून. दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी किंवा समोरासमोर असले की दोन इलेक्ट्रॉन निघून क्विनोन होतं आणि ते परत फिरतं. हे दोन आलेख शेजारी ठेवून बघितले की नियम पाठ करावा लागत नाही: फिनॉलसाठी एक मापन, एक लीड.

डीपीव्हीची मांडणी: 0.2 ते 1.0 व्होल्ट, पल्सची उंची 50 मिलिव्होल्ट, रुंदी 50 मिलिसेकंद, पायरी 5 मिलिव्होल्ट, दर अर्ध्या सेकंदाला एक पायरी. अॅसिटेट बफर असेल तर 1.1 व्होल्टपर्यंत जा. सुरू करण्याआधी 10 सेकंद द्रावण शांत ठेवा. ऑक्सिजन घालवायची गरज नाही, आपण ऑक्सिडेशनच्या बाजूला आहोत.

सेलमध्ये 20 मिलिलिटर बफर घेतला तर 1 मिलिमोलर साठ्याचे 40 मायक्रोलिटर म्हणजे 2 मायक्रोमोलर, 100 म्हणजे 5, 200 म्हणजे 10, 400 म्हणजे 20. 50 साठी 10 मिलिमोलर साठ्याचे 100 मायक्रोलिटर घाला, म्हणजे आकारमान वाढत नाही. प्रत्येक तीव्रतेला वेगळं द्रावण आणि तीन नव्या लीड. 100 मायक्रोमोलरच्या वर रेष वाकायला लागते, कारण एकाच धावेत थर बसतो. तिथे नमुना पातळ करा.

शोधमर्यादा काढताना नुसत्या बफरची किमान सात मापनं, सात वेगळ्या लीडवर घ्या. त्यांचं प्रमाण विचलन गुणिले 3.3, भागिले रेषेचा चढ. एकाच लीडवर सात वेळा मोजून काढलेली मर्यादा फारच सुंदर येते, पण ती खोटी असते. लीड-लीडमधला फरक तिच्यात आलेलाच नसतो.

खऱ्या नमुन्याला कॅलिब्रेशन रेष थेट लावू नका, प्रमाण भर पद्धत वापरा, म्हणजे नमुन्यातच माहीत प्रमाणात फिनॉल घालून मोजा. सांडपाण्यातले साबण, तेल, रंग हे सगळे चढ बदलतात. नमुन्याचे 10 मिलिलिटर आणि 0.2 मोलर बफरचे 10 मिलिलिटर मिसळा. समजा डीपीव्हीवर 1.8 मायक्रोअँपिअर आलं, 5 मायक्रोमोलर भर घातल्यावर 2.7 आणि 10 घातल्यावर 3.6. चढ 0.18. मूळ प्रवाह भागिले चढ, म्हणजे सेलमध्ये 10 मायक्रोमोलर. नमुना निम्मा पातळ केला होता म्हणून मूळ 20 मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला 1.88 मिलिग्रॅम. हा नमुना 1 च्या वर गेला. बफरचा कोरा नमुना धरून चार द्रावणं, प्रत्येकी तीन तुकडे, एकूण बारा तुकडे. म्हणजे बारा लीडच्या डबीत दोन नमुने होतात. हा खर्च वाचवायला जाऊ नका.

नमुना आणणं

काचेची गडद बाटली, प्लास्टिकची नाही. भरताच फॉस्फोरिक आम्लाने पीएच 4 च्या खाली आणा आणि बर्फाच्या डब्यात ठेवा. कोमट सांडपाण्यातले जीवाणू फिनॉल खातात. वाळूजहून दुपारी दुचाकीच्या डिकीत घालून आणलेला, आम्ल न घातलेला नमुना संध्याकाळी मोजला तर फिनॉल कमीच भरणार. आम्ल घातलेल्या नमुन्यात मोजण्याआधी पीएच परत बफरच्या पीएचवर आणायला विसरू नका, नाहीतर शिखर भलतीकडे सापडतं.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी, गडद तपकिरी असतो. रंग मोजणाऱ्या पद्धतीला तो ऊर्ध्वपातनाशिवाय जमत नाही. इलेक्ट्रोडला रंगाची अडचण नसते. पण त्यातली मेलॅनॉइडिन, म्हणजे त्याला तपकिरी रंग देणारी संयुगं, लीडवर बसतात, म्हणून निदान शंभरपट पातळ करून सुरुवात करा.

आलेखात कोण कुठे दिसतं याचा अंदाज ठेवा. पीएच 7 ला हायड्रोक्विनोन साधारण 0.1 व्होल्टजवळ, कॅटेकॉल 0.2 जवळ, फिनॉल 0.6 च्या पुढे. मोसंबीचा रस किंवा आवळा असेल तर अॅस्कॉर्बिक आम्ल कॅटेकॉलच्या आसपास येऊन गोंधळ घालतं. नायट्राइट 0.8 च्या आसपास दिसतं आणि फिनॉलच्या शिखराला उजवीकडून खांदा देतं. शंका आली की ज्याचा संशय त्याचीच थोडी भर घाला. शिखर तिथेच उंच झालं तर तोच, शेजारी नवी टेकडी उठली तर दुसरा कोणीतरी.

ज्वारी, चहा किंवा बाभळीची साल यांच्या अर्कात एक फिनॉल नसतो, डझनभर असतात. तिथे "गॅलिक आम्लाच्या तुलनेत एकूण" असंच लिहा.

कार्बन पेस्ट, आणि तुराट्यांचा कोळसा

कार्बन पेस्टची कल्पना राल्फ अॅडम्स यांनी 1958 मध्ये मांडली. ग्रॅफाइट पूड 0.70 ग्रॅम आणि लिक्विड पॅराफिन 0.30 ग्रॅम अगेटच्या खलात अर्धा तास घोटा, एक दिवस मुरू द्या, 1 मिलिलिटरच्या सिरिंजच्या कापलेल्या नळीत दाबून भरा आणि मागून तांब्याची तार खुपसा. प्रत्येक मापनानंतर 1 मिलिमीटर बाहेर ढकलून कापा आणि टोक गुळगुळीत बटर पेपरवर चमक येईपर्यंत घासा. तेल जास्त झालं की शिखरं पसरट होतात, कमी झालं की पेस्ट भुगा होते. औषधाच्या दुकानातल्या काही लिक्विड पॅराफिनमध्ये टिकण्यासाठी टोकोफेरॉल घातलेलं असतं. ते स्वतःच फिनॉलच्या जातीचं संयुग आहे! कोऱ्या बफरमध्ये न सुटणारं शिखर येत असेल तर आधी तेलावर संशय घ्या.

तुराट्या किंवा पऱ्हाट्या जाळून केलेल्या कोळशाची पूड यात मिसळता येते. पण चुलीतला कोळसा नव्हे. तो पुरेसा तापलेला नसतो आणि वीज नीट वाहत नाही. तुराट्या धुऊन, वाळवून, 2 सेंटिमीटरचे तुकडे करा. झाकणाच्या क्रुसिबलमध्ये ठासून भरा आणि मफल भट्टीत 800 अंशांवर दोन तास ठेवा. भट्टी 100 अंशांखाली येईपर्यंत झाकण उघडू नका; तापलेला कोळसा हवा लागताच पेटतो आणि हाती राख उरते. वाटून, 200 मेशच्या चाळणीतून गाळून, 1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ढवळा, धुणं उदासीन होईपर्यंत धुवा, 105 अंशांवर वाळवा. मग पूड प्लास्टिकच्या नळीत दोन बोल्टच्या मध्ये दाबून मल्टिमीटरवर बघा, शेजारी तशीच दाबलेली ग्रॅफाइट पूड ठेवा. रोध किलो-ओहममध्ये गेला तर पुन्हा भट्टी.

पेस्टमध्ये ग्रॅफाइट 60, कोळसा 10, तेल 30 टक्के घ्या. कोळशाची छिद्रं फिनॉल शोषतात, म्हणून व्होल्टेज न देता दोन मिनिटं ढवळत ठेवलं की शिखर वाढतं. कोळसा 15 टक्क्यांच्या पुढे नेला तर पार्श्वभूमीच इतकी वाढते की फायदा उरत नाही. आणि ढवळण्याची वेळ घड्याळ लावून पाळा, ती बदलली की प्रवाह बदलतो.

केळ्याचा गरही पेस्टमध्ये घालता येतो. जोसेफ वांग यांनी 1988 मध्ये तशा इलेक्ट्रोडवर डोपामिन मोजून दाखवलं होतं. केळ्यातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज कॅटेकॉलसारख्यांचं क्विनोन करतं आणि ते −0.2 व्होल्टजवळ परत क्षपणित होताना मोजायचं. इतक्या कमी व्होल्टेजला बाकीची गर्दी गप्प असते. अर्धापूरचं ताजं केळं पेस्टच्या एक दशांश वजनाने घेऊन त्याच दिवशी वापरा. साध्या फिनॉलला हे फारसं लागू पडत नाही. त्यासाठी अळिंब्याचं टायरोसिनेज विकत आणावं लागतं.

उन्हाळा, वीज आणि पंखा

अंशामागे प्रवाह साधारण एक टक्का वाढतो. सकाळी 25 अंशांवर कॅलिब्रेशन आणि दुपारी 39 अंशांवर नमुना मोजला तर चौदा-पंधरा टक्के चूक इथेच झाली. सेल पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवा आणि तापमान वहीत लिहा. डीपीव्ही चालू असताना पंखा बंद. वाऱ्याने द्रावण हलतं आणि रेष लाटेसारखी होते. आलेखावर बारीक दातेरी कंप दिसला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, शेजारचा इन्व्हर्टर बंद करा, आणि सेलवर तेलाचा 15 किलोचा स्वच्छ पत्र्याचा डबा उपडा ठेवून तो यंत्राच्या अर्थ टर्मिनलला जोडा.

वापरलेल्या लीड वेगळ्या डबीत आणि फिनॉलची सगळी द्रावणं, धुण्याच्या पहिल्या पाण्यासकट, लेबल लावलेल्या गडद काचेच्या बाटलीत जमा करा. सिंकमध्ये ओतू नका. बाटली भरली की प्रयोगशाळेच्या घातक कचऱ्याबरोबर द्या.